पासपोर्ट पॅरिसमध्ये चोरीला, एच-१बीचा स्टँपही त्यातच. आता पुण्यातून पुढे काय?

अर्धा_कोथरूडकर | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. निमित्त काही चांगलं नाही.

चार वर्षं डलासला एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑक्टोबरात बायकोबरोबर आठ दिवस पॅरिसला गेलो. पहिल्याच दिवशी विमानतळावरून शहरात येणाऱ्या लोकलमध्ये सॅक पायाशी ठेवली. एका माणसाने नकाशा पुढे करून काहीतरी विचारलं. मला फ्रेंच येत नाही, त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी मी पुणेरी उत्साहाने रस्ता सांगायला गेलो. स्टेशन आलं, तो उतरला, सॅकही उतरली. आत पासपोर्ट, आणि त्यात सप्टेंबर २०२७ पर्यंत वैध असलेला अमेरिकेच्या व्हिसाचा स्टँप.

बायकोचा पासपोर्ट तिच्या कमरेच्या पाउचमध्ये होता. हे मला दिवसातून दोनदा ऐकवलं जातं.

पोलिसांत तक्रार दिली. भारतीय दूतावासाने इमर्जन्सी सर्टिफिकेट (ईसी) दिलं, ते फक्त भारतात परत येण्यापुरतं चालतं. त्यामुळे बायको डलासला आणि मी ऐन दिवाळीत कोथरूडला. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज झालाय, परवा पोलीस व्हेरिफिकेशनही झालं. पासपोर्टचं होईल.

प्रश्न स्टँपचा आहे. जुना अजून दोन वर्षं चालणारा होता, मग त्याची डुप्लिकेट मिळते का? की सगळं पहिल्यापासून? ड्रॉपबॉक्स (नुसते कागद जमा करून) चालेल की इंटरव्ह्यू द्यावा लागेल? कंपनीने इथून काम करायला सहा आठवडे दिलेत, त्यातले दोन गेले.

चिंचगूळ | २ नोव्हेंबर, रात्री ११:५२

अरेरे. आधी जेवलास का नीट? बाकी जाणकार येतीलच.

बाकरवडी_२०६ | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

डुप्लिकेट मिळते. माझ्या मित्राच्या भावाला मिळाली होती. वकिलातीला नुसती ईमेल करायची.

स्लॉटशोधक | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

बाकरवडी, मित्राच्या भावाला काय मिळालं ते माहीत नाही, पण अमेरिकेच्या व्हिसाची डुप्लिकेट निघत नाही. हरवला की नवा अर्ज, नवी फी, नवा स्टँप.

@धागाकर्ते, तीन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नकोस. पासपोर्ट भारत सरकारचा. स्टँप अमेरिकेच्या वकिलातीचा, तो फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत नेतो. आणि तिथे राहून काम करण्याची परवानगी पिटिशनवर (कंपनीने तुझ्यासाठी केलेला एच-१बीचा अर्ज) आणि आय-९४ वर (अमेरिकेत शिरल्याची नोंद) असते. तुझं पिटिशन, म्हणजे त्याच्या मंजुरीचा कागद आय-७९७, जिवंत आहे. चोराने ते नेलेलं नाही. तेव्हा नोकरीचं मूळ शाबूत आहे, नुसती दाराची किल्ली गेलीय.

आता ड्रॉपबॉक्स. त्यासाठी जुना स्टँप असलेला पासपोर्ट जमा करावा लागायचा, म्हणजे हरवलेल्यांना तो रस्ता तसाही बंदच होता. शिवाय २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांचा ड्रॉपबॉक्सच बंद झालाय. इंटरव्ह्यू पक्का.

ज्या वकिलातीने जुना व्हिसा दिला होता तिला चोरीची ईमेल आजच कर. पोलिसांचा कागद स्कॅन करून जोड. मात्र एकदा कळवलंस की तो व्हिसा रद्द. उद्या फ्रेंच पोलिसांनी सॅक शोधून दिली तरी त्यावर प्रवास करता येणार नाही.

जुन्या व्हिसाचा फोटो आहे का? उजवीकडे खाली लाल रंगात छापलेला नंबर दिसतो तो?

अर्धा_कोथरूडकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

किल्लीचं आवडलं, आईला तसंच समजावलं. व्हिसाचा फोटो फोनमध्ये नाही. आयफेल टॉवरचे एकशेचाळीस फोटो आहेत.

पाषाणभेद | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

रुजू होताना एचआरला सगळी कागदपत्रं पाठवली असशील ना? जुन्या मेलांमध्ये शोध. माझी सगळी हरवलेली कागदपत्रं एचआरच्या मेलांतच सापडतात.

अर्धा_कोथरूडकर | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:३२

सापडला!! पाषाणभेद, तुम्हाला एक पार्टी लागू. एका जुन्या मेलमध्ये आहे, लाल नंबरासकट.

नर्मदेहर | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

स्लॉटशोधक यांच्या 'सॅक सापडली तरी' वरून आमचं आठवलं.

२०१६ ची गोष्ट, न्यू जर्सी. सासूबाई बाळंतपणासाठी आल्या होत्या. एक दिवस माझा पासपोर्ट जागेवर नाही. चार दिवस घर उलथंपालथं केलं, गाडीच्या सीटखाली टॉर्च मारून पाहिलं. पोलिसांत कळवलं, कॉन्सुलेटला कळवलं, नव्या पासपोर्टचा अर्ज केला. यथावकाश तो आला. त्यानंतर नवव्या दिवशी सासूबाई देवापाशी काहीतरी शोधत होत्या, तर लाल कापडात बांधलेली पुरचुंडी निघाली. आत कुलदेवीचा अंगारा आणि माझा पासपोर्ट! 'टेबलावर पडला होता, महत्त्वाचा कागद, म्हणून जपून ठेवला.' चार दिवस आम्ही घर उकरत होतो तेव्हा त्याही आमच्याबरोबर शोधत होत्या, हे विशेष.

पासपोर्ट रद्द झालेला, आतला व्हिसाही बाद. पुढच्या सुट्टीत मुंबईला जाऊन नव्याने स्टँपिंग केलं. अंगारा मात्र चालू होता.

चिंचगूळ | ३ नोव्हेंबर, दुपारी १:३१

'अंगारा मात्र चालू होता' =))

जोशीकाका_एरंडवणे | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:००

अहो, तुमचं आता सगळं बसल्याजागी होतं. मी १९८१ साली गेलो तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला होती, लिंकन हाऊसमध्ये. वांकानेरच्या महाराजांचा वाडा तो. समोर समुद्र, पण पाहतोय कोण. आदल्या रात्री पुण्याहून मुंबईची गाडी धरली आणि पहाटे तीनला फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून बसलो. माझ्यापुढे एकोणीस जण. साताऱ्याच्या एका गृहस्थांकडे थर्मास होता, त्यांनी अर्धा कप चहा दिला. आत गेल्यावर साहेबाने दोन प्रश्न विचारले आणि हो म्हणाला. त्या गृहस्थांना नाही म्हणाला. त्यांच्या चहाची चव अजून आठवते.

२०११ मध्ये वकिलात बीकेसीला गेली. आता समोर समुद्र नाही, नुसत्या काचा.

जहालमिरची | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

मुळात जायचंच कशाला परत? इथे आयटी नाही का? स्वतःच्या देशात सन्मानाने राहा की.

पाषाणभेद | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:५२

जहालमिरची, बाणेरहून हिंजवडी फेज तीनला सकाळी नऊला निघून सन्मानाने पोचून दाखवा.

जहालमिरची | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१०

मेट्रो येतेय.

पाषाणभेद | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:११

येतेय, येतेय. माझी मुलगी शाळेत होती तेव्हापासून येतेय.

(मधले अकरा प्रतिसाद हिंजवडीच्या ट्रॅफिकवर गेल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे. – व्यवस्थापन)

मेधा_म्यूनिक | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

आमच्याकडे रहिवासाचा परवाना वेगळ्या प्लॅस्टिक कार्डावर असतो. ते पाकिटात असेल तर पासपोर्ट गेला तरी परवाना हातात राहतो. पासपोर्टच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर संसार टांगायचा हे अजून अमेरिकाच करते का?

लंडनची_मावशी | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

इथे तर कार्डंही गेली. २०२४ च्या डिसेंबरअखेर जुनी बीआरपी कार्डं संपली, आता सगळं ऑनलाइन ई-व्हिसा. नवा पासपोर्ट आला की खात्यात नंबर बदलायचा. फोन मेला की काय करायचं ते मात्र देवाला ठाऊक.

दुबईवाला_बंड्या | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

दुबईतही २०२२ पासून पासपोर्टात स्टिकर मारत नाहीत, एमिरेट्स आयडीवर काम. अमेरिकन वकिलातीला कोणीतरी सांगा रे.

उपवासाची_मिसळ | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

एक शंका. पॅरिसच्या दूतावासातून ईसीऐवजी नवा पासपोर्टच घ्यायचा, आणि तिथल्याच अमेरिकन दूतावासात स्टँपिंग करायचं. भारतात यायचंच कशाला? मी २०१९ ला मेक्सिकोत केलं होतं.

स्लॉटशोधक | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१२

२०१९ ला चालत होतं. ६ सप्टेंबर २०२५ पासून नियम असा की ज्या देशाचा नागरिक किंवा जिथला रहिवासी, तिथेच अर्ज करायचा. हा भारतीय नागरिक, राहतो अमेरिकेत. अमेरिकेत जायलाच व्हिसा हवा, तेव्हा उरला भारत. फ्रान्समध्ये बसून राहिला असता तर हॉटेलचं बिल वाढलं असतं, बाकी काही नाही.

आणखी कोणी सुचवण्याआधीच सांगतो. कॅनडा-मेक्सिकोला जाऊन तीस दिवसांत जुन्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत आहे, ती अमेरिकेतून थोड्या दिवसांसाठी बाहेर पडलेल्यांची. याला लागू नाही.

बाकरवडी_२०६ | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

माझ्या मित्राच्या भावाला विमानात बसायला वकिलातीने एक पत्र दिलं होतं. तेच आठवत होतं मला. तसं मागायचं.

स्लॉटशोधक | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३८

ते ग्रीन कार्डवाल्यांचं. कार्ड बाहेरदेशी हरवलं तर परत जाण्यापुरती सोय करून देतात. मित्राचा भाऊ ग्रीन कार्डवाला असणार.

बाकरवडी_२०६ | ४ नोव्हेंबर, रात्री ९:४१

हो, असेल बहुतेक. मोठा भाऊ.

गुलकंद | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

माझा पासपोर्ट अमेरिकेतच हरवला होता, शिकागोत. तिथे असताना हरवला तर एवढी धावपळ नाही. पोलीस रिपोर्ट, मग पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरून एजन्सीमार्फत कॉन्सुलेटला. एजन्सीने फाइल दोनदा परत पाठवली, एकदा फोटोत कान दिसत नाही म्हणून आणि एकदा दुसरा कान दिसत नाही म्हणून. पण नोकरीला धक्का नाही, आय-९४ ऑनलाइन काढता येतो. स्टँप नसताना अमेरिकेत राहता येतं, फक्त बाहेर पडलात की परत यायला स्टँप लागतो. मी दीड वर्ष बाहेरच पडले नाही. चुलतभावाचं लग्न झूमवर पाहिलं.

आणि वहिनी एच-४ वर आहेत का? तसं असेल तर एकट्या परत जाताना अडचण येऊ शकते. एच-४ हा नवऱ्याच्या मागून जाणारा व्हिसा, नवरा इथे अडकलेला असेल तर इमिग्रेशनवर विचारणा होते.

अर्धा_कोथरूडकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

नाही, तिचा स्वतंत्र एच-१बी आहे, वेगळ्या कंपनीत. ती सुखरूप पोचली. पोचल्या पोचल्या ड्रॉवरमधून माझ्या आय-७९७ चा स्कॅन पाठवला, खाली टीप: 'ड्रॉवरमध्ये होता. पाउचमध्ये मावला नाही.'

चिंचगूळ | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:०४

वहिनींना इथे सदस्य करून घ्या.

शंकासुर | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

पण आता एच-१बीला एक लाख डॉलर लागतात ना? कंपनी देणार का?

स्लॉटशोधक | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

ते २१ सप्टेंबर २०२५ नंतर दाखल होणाऱ्या नव्या पिटिशनांसाठी. याचं पिटिशन आधीच मंजूर आहे, याला फक्त स्टँप हवा. फी २०५ डॉलर, रुपयांत भरायची. लोकांचं ब्लडप्रेशर वाढवू नका.

अर्धा_कोथरूडकर | १४ नोव्हेंबर, रात्री १:१०

पासपोर्ट आला! अनुभव लिहितो, पुढच्या कोणाला उपयोग होईल.

हरवलेल्या पासपोर्टच्या बदल्यात नव्याची फी छत्तीस पानी हवा तर ३००० रुपये, साठ पानी ३५००. मी साठ पानी घेतला. का, ते विचारू नका, त्या क्षणी फार प्रवास करेन असं वाटलं. हरवल्याचं प्रतिज्ञापत्र (अॅनेक्शर एफ), ईसी, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा आणि पोलीस तक्रार एवढं नेलं.

तक्रार फ्रेंचमध्ये. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तीस वर्षांपूर्वी फ्रेंच शिकलेली माझी मावशी एका बैठकीत भाषांतर करून बसली. तिला इतका आनंद झाला की 'सॅक' शब्दावर तळटीप द्यायला निघाली होती. मुंढव्याला ए काउंटरच्या मुलीने मूळ कागद पाहिला, भाषांतर पाहिलं, 'पॅरिसला?' म्हणाली, आणि शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला तो कागद दाखवला. बी आणि सीला कोणी काही विचारलं नाही. व्हेरिफिकेशनला आलेले हवालदार शेजारच्या काकूंकडे चौकशीला गेले. काकूंनी 'मुलगा चांगला आहे, पण नोकरी गेलेली दिसते, रात्रभर दिवा चालू असतो' अशी साक्ष दिली. डलासच्या वेळेनुसार काम करतो, म्हणजे रात्री साडेआठ ते पहाटे साडेचार. माझ्या जुन्या खोलीत आता आईचं शिलाई मशीन आहे. लॅपटॉप त्यावरच ठेवतो, चुकून पायडलवर पाय पडला की मीटिंगमध्ये खडखडाट होतो.

व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, डीएस-१६०, आज भरला. त्यात दोन प्रश्न वेगवेगळे आहेत: पासपोर्ट कधी हरवला आहे का, आणि अमेरिकेचा व्हिसा कधी हरवला आहे का. दोन्हीला हो, दोन्हीकडे दोन-दोन ओळी. जुन्या पासपोर्टचा नंबरही विचारतात. नवा नंबर येण्याआधी हा फॉर्म भरण्यात अर्थ नाही, नंतर सगळं बदलावं लागतं.

इंटरव्ह्यूचा स्लॉट मुंबईत १८ डिसेंबर. सहा आठवडे त्याआधीच संपतात, पण मॅनेजर म्हणाला नाताळपर्यंत ओढू.

जोशीकाका_एरंडवणे | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

अभिनंदन. काकूंना पेढे द्या, साक्ष बदलेल.

गुलकंद | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

पॅरिसपासूनचे सगळे बोर्डिंग पास जपून ठेव. एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत अमेरिकेबाहेर घालवलेले दिवस धरत नाहीत, एक्स्टेंशनच्या वेळी ते परत मागता येतात. तुझे जुने शिक्के तर चोराकडे गेलेत, तेव्हा पुरावा तोच.

अर्धा_कोथरूडकर | १० डिसेंबर, रात्री १२:३०

मंडळी, १८ डिसेंबरचा स्लॉट गेला.

काल मेल आली. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासणार, म्हणून अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. माझी २४ मार्च २०२६. जुन्या तारखेला आलात तर आत सोडणार नाही, असंही त्यांनी जाहीर केलंय. तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती करून पाहिली. त्यासाठीही आधी साधी अपॉइंटमेंट घेतलेली असावी लागते, ती होती. विनंती नामंजूर.

एचआरचा फोन झाला. त्यांच्या वकिलाला दोन भीती: एक कराची, की मी इथून फार दिवस काम केलं तर कंपनीचा इथे धंदा आहे असं धरलं जाईल, दुसरी, ग्राहकाचा डेटा अमेरिकेबाहेर उघडू नये अशी अट आहे. तर जानेवारीपासून बिनपगारी रजा. नोकरी ठेवलीय, हे त्यांचे उपकार.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती गुळाच्या पोळ्यांसाठी तीळ भाजत बसलीय, संक्रांतीला मी इथे असेन की नाही याचा अंदाज घेत घेत.

चिंचगूळ | १० डिसेंबर, सकाळी ७:००

वाईट वाटलं रे.

शंकासुर | १० डिसेंबर, सकाळी ९:२०

अमेरिकेत राहून स्टँप नूतनीकरण करायची सोय झाली होती ना मध्यंतरी?

स्लॉटशोधक | १० डिसेंबर, सकाळी १०:००

२००४ पर्यंत होती, बोटांचे ठसे घेणं सक्तीचं झाल्यावर बंद केली. मग २०२४ मध्ये २९ जानेवारी ते २६ फेब्रुवारी एक प्रयोग केला, वीस हजार जागांचा. तोही ठरावीक काळात भारतात किंवा कॅनडात मिळालेल्या एच-१बी व्हिसांपुरता. शिवाय ती अमेरिकेत बसलेल्यांसाठी होती. याची गाडी आधीच सुटलीय.

उपवासाची_मिसळ | १० डिसेंबर, सकाळी १०:४५

खाती सार्वजनिक करायची आहेत ना? मग हेही खातं सांगावं लागेल का? २०२१ मध्ये धागाकर्त्याने 'पुण्याची मिसळ कोल्हापूरपुढे पाणचट' असं लिहिलेलं मला आठवतंय.

पाषाणभेद | १० डिसेंबर, सकाळी १०:५०

त्यावर व्हिसा नाकारला तर मी अमेरिकेच्या बाजूने.

अर्धा_कोथरूडकर | १० डिसेंबर, सकाळी ११:१५

मी वाचनमात्र होतो हो! ते कोणी दुसऱ्याने लिहिलं असेल. (मत पटतं, पण हे सरकारदरबारी नको.)

जहालमिरची | १० डिसेंबर, दुपारी १२:००

मी आधीच म्हटलं होतं. बरं, तीन महिने करायचं काय? माझ्या पुतण्याला गणित शिकवतोस का? दहावीला आहे. पैसे देईन.

अर्धा_कोथरूडकर | १० डिसेंबर, दुपारी १२:२०

जहालमिरची, खरंच सांगताय का?

जहालमिरची | १० डिसेंबर, दुपारी १२:२२

खरंच. व्यक्तिगत निरोप केला आहे.

अर्धा_कोथरूडकर | ३१ मार्च २०२६, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. स्टँप मिळाला.

बोटांचे ठसे आदल्या दिवशी वेगळ्या केंद्रात झाले, म्हणून पार्ल्याला मामाकडे मुक्काम केला. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी: दादरला उतरलात तर आता भुयारी मेट्रोने थेट बीकेसी. काकांच्या फुटपाथपेक्षा बरंच सोपं आहे.

वकिलातीत फोन, बॅग काही नेता येत नाही. बाहेर रस्त्यावर एक माणूस प्लॅस्टिकच्या पिशव्यांत फोन ठेवून घेतो आणि खेळायच्या पत्त्याचा अर्धा फाडलेला तुकडा हातात देतो. मला इस्पिकची राणी मिळाली. तिचा दुसरा अर्धा तुकडा फोनला रबरबँडने बांधला. माझं चार वर्षांचं करिअर एका फाइलमध्ये आणि फोन इस्पिकच्या राणीच्या भरवशावर, असा मी रांगेत.

आत दीड तास. खिडकीवरच्या बाईंनी कंपनी, काम, पगार विचारलं. मग स्क्रीनकडे पाहत: 'हरवला कसा?' मी नकाशावाल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, 'मग त्याला रस्ता सांगितला का?' म्हटलं, अर्धाच. त्या हसल्या की नाही ते काचेमुळे कळलं नाही. पोलिसांचा कागद घेतला, परत दिला, भाषांतर वाचलंसुद्धा नाही. (मावशीला हे सांगायचं नाही.) पासपोर्ट ठेवून घेतला आणि २२१(जी) ची चिठ्ठी दिली, म्हणजे तपासणी बाकी आहे. पाच दिवस दर दोन तासांनी स्टेटस पाहत होतो. काल 'इश्यूड' दिसलं, आज पासपोर्ट हातात आला. नाव, जन्मतारीख, पिटिशनचा नंबर सगळं तिथेच उभं राहून तपासलं. आणि लगेच फोटो काढून बायकोला, आईला आणि स्वतःला मेल केला.

शनिवारचं विमान आहे. जहालमिरचींच्या पुतण्याची परीक्षा संपलीय, भूमिती सोपी गेली म्हणतो.

जहालमिरची | ३१ मार्च, रात्री १०:३०

पोरगं विचारतंय दादा परत कधी येणार. मी म्हटलं, पासपोर्ट हरवला की. हलके घ्या. सुखरूप जा.

जोशीकाका_एरंडवणे | १ एप्रिल, सकाळी ५:५०

वा! राणीचा अर्धा तुकडा परत केलात का?

अर्धा_कोथरूडकर | १ एप्रिल, सकाळी ९:१०

केला काका. माझ्यामागच्या मुलीला तीच राणी मिळाली. तिलाही त्याच दिवशी चिठ्ठी मिळाली, तिचं अजून कळायचंय.

पाउचवाली | १ एप्रिल, सकाळी ९:४५

नमस्कार, सदस्य झाले. पाउच सासूबाईंच्या पत्त्यावर मागवला आहे, उद्या पोचेल. काळा आहे, शर्टाच्या आत बांधायचा. बाहेर नाही.

चिंचगूळ | १ एप्रिल, सकाळी ९:४६

वहिनी आल्या!!

नवीन_सदस्य_७८ | १९ एप्रिल, दुपारी २:०५

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण पासपोर्ट हरवला असेल तर एच-१बीला ड्रॉपबॉक्स चालतो का?

स्लॉटशोधक | १९ एप्रिल, दुपारी २:०९

नाही.

बाकरवडी_२०६ | १९ एप्रिल, दुपारी २:१५

माझ्या मित्राच्या भावाला चालला होता.